धाकटी मागे बांधून

३ फेब्रुवारी

भाऊजी,

आशीर्वाद द्यावेत एवढी मी म्हातारी नाही, आणि ते घ्यावेत एवढे तुम्ही लहान राहिला नाहीत. तेव्हा नुसती सुरुवात करते.

फोनचा उपयोग नाही हे मागच्या खेपेला कळलं. मी इकडून ओरडतेय आणि तुम्ही तिकडे "कोण? कोण बोलतंय?" शेवटी शेजारच्या बोटीवरची नर्सबाई म्हणाली, "अहो, अख्ख्या बंदराला तुमची खुशाली कळली, फक्त ज्यांना कळवायची होती ते राहिले." जन्मभर इंजिनांच्या धडधडीत काम केल्यावर कान तरी किती साथ देणार? म्हणून पत्र.

आमचं बंदर बंद होतंय. गाळ काढून धक्का नव्यानं बांधणार आहेत. महिनाअखेरपर्यंत सगळ्यांनी बोटी हलवायच्या. निम्म्या गेल्यासुद्धा. सकाळी चहा घेऊन डेकवर आलं की समोर नुसतं पाणी. पूर्वी समोरच्या बोटीवरचा म्हातारा हात करायचा. आता मी किटलीशी बोलते. ती निदान शिट्टी तरी मारते.

मी ठरवलंय, आमची ही मोठी बोट, थोरली, घेऊन तुमच्या गावच्या नदीत यायचं. मुखातून आत शिरलं की तुमचा धक्का फार लांब नाही, असं हे म्हणायचे. थोरली मी चालवू शकते, तुम्हाला ठाऊक आहे. ह्यांच्या शेवटच्या वर्षात मीच चालवत होते. प्रश्न धाकटीचा, त्या छोट्या होडीचा आहे. तिचं इंजिन बसलंय, तिला मागे बांधूनच आणावं लागेल. ती तुमच्या दोघांची. बाविशी-चोविशीत तुम्ही भावांनी पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली. हे गेले, आता ती तुमची. तुमच्या दारात आणून बांधणार.

आजवर धाकटीला ओढून नेलं ते ह्यांनीच. मी चाक धरायचे, मागचं हे बघायचे. दोर कुठे, कसा, किती लांब, काही माहीत नाही. तुम्ही नीट लिहा. किंवा असं करा ना, तुम्हीच या. मी चाक धरते, तुम्ही मागे बघा.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं. खालच्या इस्त्रीवाल्या बाई जिना चढून हातात द्यायला आल्या. म्हणाल्या (ओठांवरून कळतं), "तुम्हाला पत्र येतं?" मी छाती फुगवली.

धाकटीला आणायचंच असेल तर घाई करू नका. आधी ती रिकामी करा. गाद्या, पेट्रोलची टाकी, नांगर, जे हलतंय ते सगळं थोरलीवर घ्या. तळाचं बूच घट्ट आहे ना, हात घालून बघा, नुसतं डोळ्यांनी नको. इंजिन वर उचलून अडकवून टाका, नाहीतर ते पाण्यात लोंबकळत तिला वाकडी ओढेल.

दोर बांधायचा तो तिच्या नाकाखालच्या लोखंडी कडीला. वरच्या खुंटीला नाही. खाली बांधला की ओढताना नाक वर उठतं. वर बांधला की नाक पाण्यात खुपसतं आणि मग ती पाणी पिते. थोरलीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांच्या खुंट्यांना एक दोर झुल्यासारखा बांधा आणि त्याच्या मधोमध ओढायचा दोर. एकाच कोपऱ्याला बांधलात तर थोरली दिवसभर तिरकी चालेल आणि तुमचे दंड भरून येतील. दोर जिथे घासेल तिथे रबरी नळीचा तुकडा चढवा.

धाकटीत कुणीही बसायचं नाही. नर्सबाईंना हौस आली तरी नाही.

मला यायला आवडलं असतं. पण कारखान्यात कामाचा ढीग आहे. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, सुट्टी कोण देतंय? आणि एवढ्या लांबून ती आणण्याचा खटाटोप कशाला, हेही एकदा मनात येऊन गेलं. पण तुम्ही ठरवलंय तर ठरवलंय. धक्क्यामागच्या शेडमध्ये जागा करून ठेवतो.

तुमचा बहिरा दीर


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या धाकटीनं माझी पुरती फजिती केली.

काल बंदरातल्या बंदरात रंगीत तालीम घेतली. नर्सबाई मागे बघायला. नीट निघालो, अगदी शाळेला निघालेल्या पोरीसारखी धाकटी मागोमाग. मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच? धक्क्याजवळ आल्यावर मी वेग कमी केला आणि नर्सबाई किंचाळल्या. थोरली थांबली, पण धाकटीला कुणी सांगितलंच नव्हतं! ती आली धाडकन, थोरलीच्या पाठीवर. मी घाबरून मागचा गियर टाकला तर ढिला पडलेला दोर इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात. इंजिन बंद. दोघी मधोमध तरंगत, आम्ही दोघी डेकवर हसत. पाणबुड्याला बोलवून दोर कापून काढला. नर्सबाईंनी त्याला बिस्किटं दिली.

फार दिवसांनी हसले. रात्री मात्र बरगड्यांत हसण्याची कळ होती आणि बोटीवर कुणी नव्हतं.

तर हे असं. दोर पंख्यात जाऊ नये म्हणून काय करायचं, आणि लाटांत काय करायचं, ते लिहा.

आणखी एक. कारखान्याला तुमच्याशिवाय चार दिवस काढता येत नाहीत हे मला पटत नाही. हे गेले तेव्हाही तुम्ही सकाळी आलात आणि दुपारच्या बसनं परत. थोरलीवर पाच मिनिटं उभे राहिलात, कठडा धरून, आणि उतरलात. आमच्यावर काही राग असेल तर सांगून टाका. राग चालतो मला. गप्प बसणं चालत नाही.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

राग? तुमच्यावर? काहीतरीच.

तुमचा दोर बुडणारा होता. तरंगणारा घ्या, पिवळा मिळतो, आणि त्यात मध्येमध्ये जाळ्याचे फुगे ओवा. वेग कमी करायचा तो हळूहळू, जिना उतरल्यासारखा. धाकटीला ब्रेक नाही. बंदरात शिरण्याआधी बाहेरच थांबून दोर आखूड करा, किंवा तिला थोरलीच्या कुशीला बांधून घ्या.

लाटांचं सांगतो. दोराची लांबी अशी हवी की थोरली लाटेवर चढत असेल तेव्हा धाकटीही तिच्या लाटेवर चढत असेल. दोघी एकदम वर, दोघी एकदम खाली. एक चढतेय आणि एक उतरतेय असं झालं की दोर ढिला पडतो आणि मग असा हिसका बसतो की खुंटी उपटून येईल. तसं दिसलं तर दोर थोडा सोडा किंवा थोडा घ्या, जमेपर्यंत.

वारा मागून आला तर मात्र सांभाळा. मागची लाट धाकटीला उचलून पुढे फेकते, ती घसरगुंडीवरून आल्यासारखी येते, आडवी होते, भरते. अशा वेळी दोर लांब सोडायचा आणि तिच्या मागे एक बादली दोरीनं ओढत ठेवायची, म्हणजे ती मागे खेचली जाते. बादली निघण्याआधीच बांधून ठेवा, भर पाण्यात ते जमणार नाही.

आणि सुरी. धारेची, मागच्या खुंट्यांपाशी, हात घातला की सापडेल अशी. धाकटी भरली तर तिला कापायचं. विचार करत बसायचं नाही. दादाचा मोठेपणा तोच होता, तो वस्तूंवर जीव लावायचा, पण जीव लावायची वेळ आणि सोडायची वेळ त्याला कळायची.

एकट्या निघू नका. मागे बघायला माणूस हवाच.

शेड झाडून घेतली. भिंतीला पांढरा रंग काढला. धाकटी आत शिरेल एवढी जागा आहे.

दीर


२६ फेब्रुवारी

भाऊजी,

घाईत चार ओळी. उद्या पहाटे निघते. नर्सबाई येणार होत्या, पण त्यांच्या लेकीच्या कळा सुरू झाल्या, त्या कालच्या गाडीनं गेल्या. थांबायला आता दिवस नाहीत, बंदराच्या कचेरीलाही परवा टाळं लागतंय. हवा चांगली सांगितलीय. पिवळा दोर घेतला, फुगे ओवले, सुरी बांधली. बादली विसरले नाही. ती धाकटीच्या मागच्या कडीला बांधून आत ठेवलीय, लागली तर टाकेन.

पुढेही मीच बघेन, मागेही मीच. मान फिरवायला कितीसा वेळ लागतो?

शेडचा रंग वाळला ना?

वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं उत्तर येण्याआधीच हे लिहितोय, कारण शेडला रंगाचा दुसरा हात देताना मी शिडीवरून पडलो आणि पडल्या पडल्या अक्कल आली.

धाकटीला आणू नका. तिथंच कुणाला तरी देऊन टाका.

मला कारखान्यातून काढून वर्ष होत आलं. कान गेले एवढंच असतं तर ठेवलं असतं. कानाच्या आत काहीतरी असतं म्हणे, ज्यावर माणूस सरळ उभा राहतो, तेच बिघडलंय. जमीन एकदम बाजूला सरकते. डॉक्टरीणबाईंनी कागदावर ठळक लिहून दिलं, बोटीवर पाय ठेवायचा नाही. दादा गेला त्या दिवशी मी थोरलीवर पाच मिनिटंच का उभा होतो, ते आता सांगतो. डेक फिरत होतं. तुमच्यासमोर, सगळ्यांसमोर, आडवा पडलो असतो. म्हणून पळालो.

तुमचं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं, मला धाकटीचा उपयोग नाही म्हणून. पण मग तुम्ही दोर कसा बांधायचा ते विचारलं नसतं. मला कुणी काही विचारलं त्याला फार दिवस झाले होते.

निघू नका.

दीर


१२ मार्च

(हे पत्र किनाऱ्यावरच्या वाटेतल्या सगळ्या बंदरांच्या कचेऱ्यांना पाठवत आहे. 'थोरली' नावाची पांढरी मोठी बोट दिसली, तर कृपया तिच्यावरच्या बाईंना द्यावं.)

वहिनी,

२६ तारखेचं तुमचं पत्र मिळालं. माझं २७चं परत आलं, 'कचेरी बंद' असा शिक्का मारून. त्यातलं आता पुन्हा लिहीत नाही. आधी तुम्ही कुठे आहात ते कळू दे.

इस्त्रीवाल्या बाई रोज माझ्यासाठी तुमचा नंबर फिरवतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो. त्या मान हलवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मंगळवारी बस स्टँडवर गेलो. किनाऱ्यानं जाणारी गाडी धरायची, प्रत्येक बंदराशी उतरून बघायचं, असं ठरवलं होतं. गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि स्टँड फिरला. दोघांनी उचलून बाकावर बसवलं. एका मुलीनं पाणी दिलं आणि ती घरापर्यंत सोडायला आली. तिला वाटलं मी प्यायलोय.

आता खिडकीत बसतो. नदीचं वळण दिसतं इथून. एक शब्द पाठवा. 'आहे' एवढा पुरे.

दीर


१८ मार्च

भाऊजी,

आहे.

तुमचं पत्र इथल्या कचेरीतल्या माणसानं आणून दिलं. मी मासेमारीच्या एका छोट्या बंदरात आहे. थोरली धड आहे. माझ्या दोन बरगड्यांना तडा गेलाय, पट्टा बांधलाय, हसायला आणि शिंकायला बंदी. फोन पाण्यात गेला. पण तेवढ्यानं पत्र थांबलं नव्हतं. तुम्हाला काय सांगायचं, या विचारानं थांबलं होतं.

धाकटी गेली, भाऊजी.

सकाळी छान चाललं होतं. दोघी एकदम वर, दोघी एकदम खाली, तुम्ही सांगितलं तसं. मी दर थोड्या वेळानं मागे बघायचे आणि तिच्याशी बोलायचे. डोंगराचा सुळका ओलांडला आणि वारा फिरून पाठीमागून आला. लाटा उंच नव्हत्या, पण जवळजवळ होत्या. दोर लांब सोडला. तिच्यातली बादली मात्र तिच्यातच. तिला मागे टाकायला धाकटीत कोण जाणार? तुम्ही निघण्याआधी बांधायला सांगितलं होतंत, ती बांधली, पण मागे सोडून ठेवायची होती हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

मग ती यायला लागली. धावत यायची, दोर सैल पडायचा, ती आडवी व्हायची, आणि हिसका. प्रत्येक हिसक्याला थोरली कण्हायची. मी वेग थोडा वाढवून बघितला, कमी करून बघितला. एकदा ती अशी आडवी झाली की एक लाट सरळ तिच्या आत गेली. पुढची लाट आली तेव्हा ती उठली नाही. भरली होती. तिच्या वजनानं थोरलीचा मागचा भाग खाली बसला आणि चाक ऐकेना. मी डावीकडे फिरवतेय आणि थोरली आडवी होतेय.

चाक सोडून मागे गेले. सुरी हातात घेतली. दोरावर ठेवली.

आणि भाऊजी, मी थांबले. तुम्ही लिहिलं होतंत, विचार करू नका. मी केला. म्हटलं, माणसानं शेड झाडून ठेवलीय, भिंतीला रंग काढलाय, ह्यांच्यानंतर त्याला देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय आहे? आणखी एक लाट बघू. कदाचित उठेल. ती लाट माझ्यावर आली, मागून, सगळी डेकवर. मी खुंटीवर आपटले. पाणी ओसरलं तेव्हा सुरी अजून हातात होती, हे कसं ते मला माहीत नाही. मग कापला. एका फटक्यात तुटला. इतका ताणलेला होता की नुसतं टेकवायचं बाकी होतं.

थोरली टुणकन वर आली. मी चाकाशी सरपटत गेले आणि तिला सरळ केलं. थोड्या वेळानं मागे बघितलं तर धाकटीचं नाक तेवढं दिसत होतं. पुन्हा बघितलं तेव्हा दिसलं नाही.

ती तुमची होती आणि मी घालवली. रागवा.

वहिनी


२४ मार्च

वहिनी,

इस्त्रीवाल्या बाईंनी पत्र दिलं आणि मी फोडेपर्यंत दारातच उभ्या राहिल्या. 'आहे' हा शब्द मी त्यांना दाखवला. त्या पायरीवरच बसल्या.

रागवायचं तर कुणावर? ज्या शेडसाठी तुम्ही एक लाट जास्त थांबलात, त्या शेडमध्ये धाकटी येऊन नुसती वाळत पडणार होती. मला पाण्यावर जायची बंदी आहे, वहिनी. तोल गेलाय. कानाचंच दुखणं, आत शिरलेलं. कारखाना कधीच सुटला. म्हणून मी आलो नाही, तेव्हाही आणि आताही. परत आलेल्या पत्रात हेच होतं, पण ते मी लिहिलं तुम्ही निघालात त्या दिवशी. पहिल्याच पत्रात दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुमच्या बरगड्या शाबूत असत्या. लिहिल्या नाहीत, कारण तुम्ही पुढचं पत्र पाठवावं असं वाटत होतं.

होडीचं दुःख झालं का? झालं. ती बांधताना दादाच्या अंगठ्यावर हातोडा बसला होता, त्यानं आठवडाभर मला शिव्या घातल्या, ते आठवलं. पण तुमची चार ओळींची चिठ्ठी वाचल्यापासून जे झालं त्यापुढे हे काहीच नाही.

आता मी कुठल्या तोंडानं काही मागू? बरगड्या जपा.

दीर


२ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. तसंही इथे बोलायला कुणी नाही, पण मी किटलीशीसुद्धा बोलले नाही. इतकी चिडले होते. सुरी दोरावर ठेवून मी उभी राहिले ती एका रिकाम्या शेडसाठी! तुमच्या सगळ्या सूचना इतक्या चोख, आणि मुख्य गोष्टच गाळलीत.

तिसऱ्या दिवशी डेक धुताना वेगळंच मनात आलं. धाकटी नसती तर मी तुम्हाला काय लिहिलं असतं? "मी एकटी आहे, तुमच्या गावी येऊ का?" असं? जन्मात लिहिलं नसतं. तुम्हाला होडी आणून देतेय म्हटलं की कसं, येणं सरळ होतं. म्हणजे निमित्त मलाही हवंच होतं. तुम्ही एकटेच लबाड नाही.

बरगड्या जुळल्या. डॉक्टर म्हणाले, चाक धरायला हरकत नाही. या पंधरवड्यात हवा बघून निघते. मागे काही बांधलेलं नाही, त्यामुळे शिकण्यासारखंही काही नाही. तुमच्या धक्क्याला थोरली लावायला जागा मिळेल का, एवढं विचारा. मी बोटीवरच राहीन, तुम्ही वर तुमच्या खोलीत. रोज भेटायची सक्ती नाही. मला शेजार झेपेल का तेही आता सांगता येत नाही. पण कुठून आले की "पोचलात का" असं कुणीतरी विचारायला हवं, ते मात्र हवं.

एकटीनं धक्क्याला लावायची तेवढीच धास्ती वाटते. चाक सोडून दोर घेऊन उडी मारायची आणि तोवर प्रवाह तिला ढकलणार. इथे पोचले तेव्हा कोळ्यांनी थोरली धरून बांधली होती.

वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

जागा मिळाली. धक्क्याच्या वरच्या टोकाला, पायऱ्यांच्या पलीकडे. तिथे भिंतीला धारदार कडा होत्या म्हणून जुने टायर टांगून घेतले. इस्त्रीवाल्या बाईंच्या भाच्यांनी टांगले, मी खुर्चीवर बसून हात नाचवले.

भरतीच्या शेवटी या, पाणी थबकलेलं असतं. थोडाफार प्रवाह उरला असेल त्याच्या तोंडाला नाक ठेवा, अगदी हळू. चाक सोडायचं नाही, उडी मारायची नाही. पुढचा दोर गुंडाळून चाकाशेजारी ठेवा.

पाण्यावर पाय ठेवायची मला बंदी आहे. धक्क्यावर उभं राहण्याची नाही, मी विचारून घेतलंय. तिथे एक लोखंडी खांब आहे, डाव्या हाताची मिठी मारली की मी पडत नाही. रोज सकाळी जाऊन सराव करतोय, लोक बघतात. उजवा हात मोकळा राहतो.

मी तिथे असेन. हाक मारू नका, मला ऐकू येणार नाही. सरळ दोर फेका.

दीर